ढाका पोल

टोचा आत गेला तो थेट मुठीपर्यंत गेला.

अपर्णा गद्रे पुलाच्या पूर्व टोकाला, एक पाय कालव्याच्या चिखलात आणि दुसरा विटांच्या पायावर अशी तोल सावरत उभी होती. तिनं टोचा ओढून काढला. त्याच्याबरोबर काळपट ओला भुसा बाहेर आला, गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. तिनं तो बोटांत चुरडला. मग वीतभर अंतर सोडून तुळईला पुन्हा टोचा लावला. या वेळी जोरही करावा लागला नाही.

"दीदी, खाली काय करताय?" वरून आवाज आला. फुलवाला नेपाल माइती जाळीतून वाकून बघत होता. डोक्यावर झेंडूची टोपली, खांद्याला जास्वंदीच्या माळांची झोळी.

"काही नाही, नेपालदा. तुम्ही निघा, बाजार भरला असेल."

"तुम्ही चिखलात उतरलात म्हणजे काहीतरी असणारच," तो म्हणाला आणि चालू लागला.

अपर्णानं तळवा तुळईवर टेकवून ठेवला होता. एका माणसाच्या आणि एका टोपलीच्या वजनानं लाकूड दबलं आणि पुन्हा वर आलं, हे तिला हातात कळलं. इतकं दबायला नको होतं. तिला आधी भीती वाटली नाही, संताप आला. हे होणार असं तिनं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, भर बैठकीत, सगळ्यांच्या तोंडावर. त्या वेळी सगळ्यांनी मान डोलावली होती आणि मग समोसे आले होते.

या पुलाला कोलकात्यातल्या बागबाजारच्या पलीकडचे लोक 'ढाका पोल' म्हणत. बंगालीत ढाका म्हणजे झाकलेला. पुण्याहून येणारे नातेवाईक हमखास विचारत, "हा पूल ढाक्याला जातो का गं?" आणि अपर्णा दरवेळी सांगे, की तो फक्त या काठावरून त्या काठावर जातो. कालव्यावर आडवं घातलेलं एक लांबट लाकडी घरच होतं ते. वर दुपाखी छप्पर, दोन्ही बाजूंना तिरप्या फळ्या एकमेकींवरून नेऊन केलेली उंच जाळी, त्या जाळीवर बाहेरून उभ्या फळ्यांचं आवरण. आत कायम संध्याकाळ असल्यासारखा उजेड. कबुतरं, निवडणुकीची जुनी पोस्टरं, चाकूनं कोरलेली नावं, आणि मध्यावर टोपली उतरवून विडी ओढणारे लोक.

तो बांधला तेव्हा एका काठावर लाकडाची वखार होती आणि दुसऱ्या काठावर त्याच मालकाची करवतीची गिरणी. ब्रह्मदेशातून साग जहाजानं यायचा, गंगेतून ओंडके कालव्यात ओढून आणायचे. मालकाला पूल हवा होता आणि लोखंड महाग होतं. घरचं लाकूड मात्र मुबलक होतं. विलायतेत असे पूल पाहून आलेल्या एका ओव्हरसियरनं नकाशा काढून दिला आणि बऊबाजारातल्या चिनी सुतारांनी तो उभा केला. जाळीच्या फळ्या जिथे जिथे एकमेकींना छेदतात तिथे आरपार भोक आणि त्यात सागाचीच जाड खुंटी ठोकलेली. सगळा भार त्या जाळीवर, आणि जाळीचा भार खालच्या दोन लांब तुळयांवर. साऱ्या पुलात खिळा शोधून सापडत नसे.

छपराबद्दल मात्र एक गोष्ट पसरली होती. म्हणे जमीनदाराच्या सुनांना गंगास्नानाला जाताना कुणी पाहू नये म्हणून पूल झाकला. अपर्णाला ही गोष्ट ऐकली की अंगावर पाल पडल्यासारखं होई. वखारवाल्याच्या सुना कशाला गिरणीत जातील? छप्पर होतं ते लाकडासाठी. उघड्यावरचा लाकडी पूल बंगालच्या पावसात दहा-पंधरा वर्षांत कुजतो. तोच झाकला तर शंभर-सव्वाशे वर्षं उभा राहतो. छप्पर आणि बाजूच्या फळ्या भिजायच्या, कुजायच्या, त्या बदलायच्या. आतली जाळी कोरडी राहायची. पुलानं घातलेला रेनकोट, असं ती नव्या इंजिनियरांना समजावून सांगायची.

कालव्यांचे पूल सांभाळणाऱ्या मंडळात ती नोकरीला लागली तेव्हा ढाका पोल तिच्या गळ्यात पडला, कारण तो कुणालाच नको होता. बाकी पूल काँक्रीटचे, त्यांची गणितं ठरलेली. हा लाकडी म्हातारा कुणी शिकवलेला नव्हता. तिच्या आधीच्या साहेबांनी फाइल पुढे सरकवत म्हटलं होतं, "मराठ्यांच्या भीतीनं आमच्या पूर्वजांनी इथे खंदक खणला, आता कालव्यावर पहारा मराठ्यांनीच द्यावा." सगळे हसले होते. तीही हसली होती. आजोबा कोलकात्यात औषधांच्या दुकानात नोकरीला आले, वडिलांचा आणि तिचा जन्म इथलाच. तिचं बंगाली त्या साहेबांपेक्षा स्वच्छ होतं. पण बर्गीचा, म्हणजे लुटायला आलेल्या मराठी घोडेस्वाराचा विनोद कुठल्याच ऑफिसात चुकला नाही.

पुढे तिनं पुलाचा ध्यासच घेतला. दर पावसाळ्यानंतर ती खाली उतरे, इंच न् इंच टोचून बघे आणि अहवालाच्या शेवटी 'वापरास सुरक्षित' असं लिही. पूल पाडून तिथे स्टीलचा बांधायचा नकाशा मंडळाच्या कपाटात कधीपासून तयार होता. त्या दोन शब्दांनी तो कपाटात अडवून धरला होता.

मग सुशोभीकरण आलं.

सल्लागार म्हणून ऋषभ नावाचा एक तरुण वास्तुविशारद नेमला गेला. मुलगा वाईट नव्हता, पुलावर त्याचा जीवही होता. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली: बाजूच्या फळ्या काढलेल्या, जाळी उघडी, आतून पिवळा प्रकाश पाझरतोय, खाली पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. पाटीवर जमीनदाराच्या सुनांची गोष्ट.

"फळ्या काढल्या तर पाऊस जाळीवर येईल," अपर्णा म्हणाली होती.

"मॅम, छप्पर आहे ना."

"इथे पाऊस आडवा येतो. वैशाखातली वादळं पाहिलीयेत ना तुम्ही?"

"आपण पॉलिश देऊ. हल्ली फार चांगली पॉलिशं मिळतात. आणि मॅम, एवढं सुंदर काम फळ्यांमागे झाकून ठेवायचं? लोकांनी बघायला नको?"

मुख्य अभियंता लाहिडी म्हणाले, "करून तर बघू, अपर्णादी. नाहीच जमलं तर परत लावू फळ्या." काढलेल्या फळ्या कुठे गेल्या ते पुढे कुणालाच सांगता आलं नाही. पूल दिसू मात्र लागला खरा सुंदर. वर्तमानपत्रांत फोटो आले. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायला लागली.

आणि आता टोच्याच्या टोकाला हा चोथा.

ती बस पकडून एस्प्लनेडच्या ऑफिसात गेली तेव्हा चपलांवरचा चिखल वाळला होता. लाहिडींनी तो पाहिला आणि खुर्ची दाखवली.

"खालची एक तुळई पूर्वेच्या टोकाला गेली," ती म्हणाली. "पायावर जिथे टेकते तिथेच. आतून पोकळ झालीये. पूल आजच बंद करायला हवा."

लाहिडी तिच्याहून बरेच लहान होते. माणूस शांत, कुणाशी वाकडं न घेणारा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुर्गापूजा तोंडावर आलीये, अपर्णादी."

"म्हणून तर."

"तिथल्या क्लबची या वर्षीची थीमच ढाका पोल आहे. या काठावरून पुलातून चालत जायचं आणि पलीकडे देवीचं दर्शन. मंत्री उद्घाटनाला येणार. तुम्हाला हे ठाऊक आहे."

"मला हेही ठाऊक आहे, की अष्टमीला त्या पुलावर पाय ठेवायला जागा नसेल. एका फुलवाल्याला तो पूल दबतोय. हजार माणसांनी काय होईल ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

"एका वेळी थोडेच लोक सोडू. स्वयंसेवक ठेवू."

"अष्टमीच्या गर्दीला थोडेच म्हणून कुणी आवरलंय का आजवर?"

लाहिडींनी चष्मा पुन्हा चढवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतो. तुम्ही 'धोकादायक' लिहिलंत, की स्टीलच्या पुलाची फाइल दुसऱ्या दिवशी बाहेर येईल. मग मी ती अडवू शकणार नाही. इतकी वर्षं तुम्हीच ती अडवलीत. 'डागडुजीच्या अटीवर सुरक्षित' असं लिहा. पूजा होऊ दे. मग आपण सावकाश दुरुस्तीचं बघू. पूलही राहील."

तिला हे अपेक्षित नव्हतं. तिनं भांडणाची तयारी केली होती. त्यांनी तिच्यापुढे पूलच ठेवला.

"तुळईचा फक्त टोकाचा भाग बदलायचा आहे," ती म्हणाली. "नवा साग जोडून घेता येतो. खाली टेकू देऊन महिन्याभराचं काम. बंद करा आणि दुरुस्त करा."

"लाकडी पुलाच्या दुरुस्तीवर सही कोण करणार? तुम्ही या वर्षअखेर निवृत्त होताय. तुमच्यानंतर जो येईल त्याला यातलं काय कळतं?"

ती 'उद्या अहवाल देते' म्हणून उठली.

बेहालाला घरी पोहोचली तेव्हा मुकुंद गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. आमटीचा वास जिन्यापर्यंत येत होता. तिचा चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता ताट वाढलं. ती भातात आमटी कालवत बसली, खाल्लं नाही.

"मी सांगितलं होतं," ती अखेर म्हणाली. "एकूण एक शब्द तसाच्या तसा सांगितला होता मी. आडवा पाऊस म्हटलं होतं. पूर्वेचं टोकसुद्धा म्हटलं होतं."

"हो."

"मग माझ्या सांगण्याला काही अर्थ आहे की नाही?"

"तू बरोबर होतीस असं तुला कुणी येऊन सांगणार नाही, अपर्णा. त्याची वाट बघू नकोस."

"मला ते नकोच आहे." ती चिडली. "मला एवढंच कळत नाही, की पूल त्यांनी भिजवला आणि त्याच्या मरणावर सही मी का करायची? खोटं लिहिलं तर तो कदाचित वाचेल. खरं लिहिलं तर मीच मारला."

मुलगी नूपुर आतल्या खोलीतून लॅपटॉप घेऊन आली होती. तिचं मराठी घरापुरतं, बंगालीच्या चालीवर जाणारं. "आई, तू राग नको करू. सही नाही केलीस तर काय होईल? दुसरा कोणी करेल ना?"

"दुसरा कुणी सुरक्षित म्हणून करेल. आणि अष्टमीला तू तुझ्या मैत्रिणींना घेऊन तिथे जाशील."

नूपुरनं लॅपटॉप मिटला. त्या सगळ्या तिथे जायचंच ठरवत होत्या, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मुकुंद म्हणाले, "मग प्रश्न कुठे उरला?"

"तोच तर वैताग आहे," अपर्णा म्हणाली. "प्रश्न उरलेलाच नाही." आणि तिनं गार झालेला भात ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं: वापरास धोकादायक, त्वरित बंद करावा. खाली दुरुस्तीची पद्धत दोन पानं भरून लिहिली, आकृत्यांसकट. ती दोन पानं कुणी वाचणार नाही हे तिला माहीत होतं. पहिली ओळ मात्र वाचावीच लागली. मंत्र्यांच्या कार्यक्रमाच्या जागेबद्दल 'धोकादायक' असं लेखी आलं, की ते बाजूला सारायची छाती कुणात नसते. संध्याकाळच्या आत पोलीस बांबू घेऊन आले.

बांबू बांधताना अपर्णा तिथे स्वतः उभी राहिली. पळून जायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं. क्लबचे सेक्रेटरी आले, त्यांच्यामागे वीस-पंचवीस पोरं.

"एवढे पैसे, एवढी मेहनत गेली आमची," सेक्रेटरी म्हणाले. "पूल शंभर वर्षं उभा आहे. अजून एक महिना तुम्हाला जड झाला?"

"पूल मला जड नाही झाला. गर्दी पुलाला जड होईल."

"बर्गी पुन्हा आले म्हणायचं," मागून कुणीतरी बोललं. पोरं हसली. तिनं त्या हसण्याकडे पाहिलं. ऑफिसातला विनोद तिनं जन्मभर पचवला होता. हा विनोद नव्हता. इथेच जन्मले मी, असं सांगावंसं वाटलं, पण ते सांगावं लागणं हेच अपमानाचं होतं. ती बांबूची गाठ तपासू लागली.

पोरं पांगली. नेपाल तेवढा उभा राहिला. त्यानं टोपली खाली ठेवलेली नव्हती.

"दीदी, पाऊस दोन वर्षं पुलावर पडत होता. तेव्हा बंद नाही केलात."

"तेव्हा लाकूड टिकून होतं, नेपालदा."

"आता माझा हंगाम आला. संधिपूजेची कमळं, झेंडू, बेलाची पानं. माझं घर त्या काठाला, बाजार या काठाला. काँक्रीटच्या पुलावरून वळसा घालून टोपल्या किती खेपा आणू मी? हे गुडघे पाहिलेत?"

"पूल तुमच्यासकट खाली गेला असता."

"नसता गेला," नेपाल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी रोज चालतो त्याच्यावर. तुम्ही वर्षातून एकदा येता."

तो वळला आणि काँक्रीटच्या पुलाच्या रस्त्याला लागला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. पुलाच्या पाहणीला ती आली, की तो माळ गुंफताना खाली बघे.

पूजा आली आणि गेली. क्लबनं ऐनवेळी मंडपाचं तोंड रस्त्याकडे फिरवलं, पुलाला दिव्यांच्या माळा लावून नुसता दुरून दाखवला. अष्टमीला काठावर माणसांचा समुद्र लोटला होता. अपर्णा त्या दिवशी घराबाहेर पडली नाही, सारखी टीव्हीवरच्या बातम्या बघत बसली. काहीही झालं नाही. पूल रिकामा, उजळलेला, जागच्या जागी उभा.

आणि हेच तिच्यावर उलटलं. पूल पूजेत पडला नाही, तेव्हा तो पडलाच नसता, असं सगळ्यांचं मत झालं. ऑफिसात कुणी तोंडावर बोललं नाही, पण चहाच्या टेबलापाशी ती आली की विषय बदलायचा. जे घडलं नाही ते कसं दाखवणार? पडलेल्या पुलाचा फोटो निघतो. न पडलेल्या पुलाखाली वाचलेली माणसं मोजता येत नाहीत. ती आपापल्या घरी बसून 'बाई उगाच घाबरली' असं म्हणत असतात.

काली पूजेनंतर स्टीलच्या पुलाची फाइल बाहेर आली. लाहिडींनी दिलेला शब्द असा खरा केला. तिची दोन पानं 'तांत्रिक मान्यता उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परत आली. ऋषभचा फोन आला.

"मॅम, फळ्या... मला खरंच वाटलं होतं पॉलिश पुरेल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. त्याला झापायची वाक्यं तिनं दोन महिने घोळवली होती. त्याचा तो पडलेला आवाज ऐकून त्यातलं एकही बाहेर येईना, आणि त्याचाही तिला राग आला.

कंत्राटदार पूल कापून काढणार होता. यंत्राच्या करवतीनं तुकडे करायचे आणि लाकूड मोडीत घालायचं. तेव्हा मात्र अपर्णा लाहिडींच्या केबिनमध्ये गेली आणि खुर्चीत बसली ती उठेना.

"कापायचा नाही. उलगडायचा. खुंट्या काढून, सांधे सोडवून. मंडळाच्या बेहालाच्या गोदामात जागा आहे, मी पाहून आलेय."

"कशासाठी, अपर्णादी? कोण पुन्हा उभा करणार आहे?"

"ते मला माहीत नाही. मी एकच मागतेय."

लाहिडींनी तिच्याकडे पाहिलं. पूजेच्या वेळी तिनं त्यांनाही वाचवलं होतं, हे त्यांना बहुधा कळत होतं. त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला.

गौर सूत्रधर हा कुमारटुलीजवळचा सुतार कामाला आला. पुलाखाली पोलादी टेकू लागले, छपराचे पत्रे उतरले. मग जाळीची पाळी आली. पहिल्या खुंटीवर गौरनं हातोडा घातला तर ती हलेना. वर्षानुवर्षं फुगून ती लाकडाशी एकजीव झाली होती.

"ड्रिल मारून फोडू का?" गौरनं विचारलं.

"नको. उलट्या बाजूनं ठोकून बघा. खुंटीला उतार असतो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण मी ठोकली असती तर उतार दिला असता."

गौरनं मान हलवली आणि तो पलीकडे गेला. दोन्ही बाजूंना उतार नव्हताच. अपर्णाचा अंदाज साफ चुकला होता. शेवटी दोघांनी मिळून खुंटीच्या टोकावर लाकडी ठोकळा धरून तासभर हळूहळू ठोकलं, तेव्हा ती बोटभर सरकली. मग पुढच्या सुटायला लागल्या.

पहिली फळी जाळीतून वेगळी झाली, आणि तिची इतकी वर्षं दुसऱ्या फळीला चिकटून असलेली बाजू उजेडात आली. तिथलं लाकूड मधाच्या रंगाचं होतं. त्यावर काळ्या शाईनं, कुंचल्याच्या एका फटक्यात, एक आडवी रेघ ओढलेली. पुढच्या फळीवर दोन रेघा. त्याच्या पुढच्या फळीवर तीन. चौथीवर चौकोनासारखं वेगळंच अक्षर.

"हे काय?" गौरनं विचारलं.

अपर्णा बघत राहिली. मग तिला उमगलं. ते चिनी आकडे होते. सुतारांनी आख्खा पूल आधी वखारीच्या अंगणात जमिनीवर जुळवला होता, प्रत्येक फळीवर तिच्या जागेचा आकडा घातला होता, मग तो सोडवून कालव्यावर पुन्हा चढवला होता. फळ्यांवर स्वतःचे नंबर घालायला तिनं पांढरा रंग आणला होता, त्याची गरजच नव्हती. ज्यांनी बांधला त्यांनी तो एकदा उलगडूनही दाखवला होता. तिला हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. कळायला तो मोडावा लागला.

काम पुढे सरकत गेलं तसतसा तिचा वैताग वाढत गेला. जाळी सुटत होती आणि लाकूड निरोगी निघत होतं. तुळयांचं पश्चिमेकडचं टोक खणखणीत. मधला भाग खणखणीत. पूर्वेचं ते एक टोक सोडलं, तर अजून दोन पिढ्या सहज टिकेल असा साग. एका टोकाच्या, एका माणसाच्या लांबीच्या लाकडासाठी सगळा पूल उतरत होता. संध्याकाळी मुकुंदना ती हे सांगायला जाई, पण निम्म्यावरच सोडून देई. मुकुंद तिच्या पानात आणखी एक पोळी वाढत.

शेवटची तुळई लॉरीवर चढली ती सकाळची वेळ होती. गौर आणि त्याची माणसं लॉरीबरोबर बेहालाला गेली. टेकूही निघाले. दोन काठांवर विटांचे दोन पाये तेवढे उरले, समोरासमोर.

अपर्णा निघायची ती थांबली. जिथे कायम लाकडाची भिंत पाहिली, तिथून आता पलीकडचा काठ दिसत होता. चहाचं दुकान, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एका घराचं निळं दार. इतक्या वर्षांत हे तिनं इथून पाहिलं नव्हतं. कालवा तिला वाटत होता त्याहून अरुंद निघाला.

पलीकडच्या पायापाशी नेपाल उभा होता. डोक्यावर टोपली. सवयीनं तो पुलाच्या तोंडाशी आला असावा आणि तिथे तोंडच उरलं नव्हतं. त्यानं समोर पाहिलं, तेव्हा त्याला ती दिसली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकं ते अंतर. तिनं हाक मारली नाही. काय म्हणणार होती?

नेपालनं टोपली नीट बसवली आणि तो काँक्रीटच्या पुलाच्या दिशेनं, काठाकाठानं चालू लागला. गुडघ्यामुळे त्याचं एक पाऊल आखूड पडत होतं.

अपर्णाची बस उलट्या बाजूला होती. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग तीही त्याच दिशेनं निघाली, आपल्या काठानं. तो थांबला की तीही थांबे. त्यानं एकदा मान वळवून पाहिलं आणि चाल थोडी मंद केली. मध्ये काळं पाणी होतं, आणि दोन काठांवरून दोघं काँक्रीटच्या पुलाकडे चालत राहिले.